इलेक्ट्रिक पॉटमधली भाजी : सोलापुरात खोली करून राहणाऱ्या मुलामुलींसाठी

माळरान

आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर मुली राहतात. कुणी नर्सिंगला, कुणी इंजिनिअरिंगला, कुणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. जुळे सोलापुरात आता गल्लोगल्ली अशी घरं आहेत. गॅस वर न्यायचा नाही हा नियम माझाच आहे आणि तो राहणार. इलेक्ट्रिक पॉट मात्र चालतो.

त्या पॉटमध्ये होतं काय, तर नूडल्स, ओट्स, अंडी, चहा. लक्ष्मी मंडईत हिवाळ्यात मेथी-चाकवताचे ढीग लागलेले असतात आणि या पोरींच्या पोटात आठवडा आठवडा पालेभाजी जात नाही. मला ते बघवत नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं : "काकू, पॉटमध्ये भाजी होत नाही, नुसती उकडते." होते. चांगली होते. पॉटचं बळ किती आहे ते ओळखून करावी लागते, एवढंच. म्हणून हा धागा काढला. तुम्ही करत असाल तर तुमचंही लिहा.

मी बोलतेय तो पॉट म्हणजे दीड लिटरचा, आत नॉनस्टिक, वर काचेचं झाकण, ३०० आणि ६०० वॅट अशी दोन बटणं असलेला. नळाचं लिटरभर पाणी उकळायला त्याला दहा मिनिटं लागतात. यावरून त्याचा जोर समजून घ्या. उकळत्या पाण्यात अर्धा किलो गार भाजी एकदम टाकली की उकळी बसते आणि पुन्हा यायला चार-पाच मिनिटं जातात. तेवढ्या वेळात भाजी कोमट पाण्यात पडून राहते, रंग जातो, चव पाण्यात उतरते. मुली ज्याला "उकडलेली" म्हणतात ती ही.

म्हणून चिरताना बारीक चिरायची. बटाट्याच्या बोटभर जाड फोडींना जास्त वेळ लावण्यापेक्षा पातळ काचऱ्या करा, बारा-पंधरा मिनिटांत होतात. पाणी घालायचं ते गरम, आणि तेही वाटीभरच. भाजी बुडवायची नाही. झाकण चांगलं बसत असेल तर खालच्या वाटीभर पाण्याची वाफच काम करते.

गवार सांगते, कारण ती जमली की बाकीच्या जमतात. ३०० वर दोन चमचे तेल, त्यात जिरं आणि ठेचलेला लसूण. लसणाचा वास सुटला की हळद, मग मोडून धुतलेली कोवळी गवार आणि मीठ. दोन मिनिटं लाकडी उलथन्यानं खालीवर करायची, पाऊण वाटी गरम पाणी घालायचं, ६०० करून झाकण ठेवायचं. गवार चिवट असते, वीस मिनिटं धरा. मधे एकदा हलवा. शिरेत दाबून बघायची, मऊ झाली की काळं तिखट (भाजलेले मसाले घातलेलं), गुळाचा खडा, आणि सगळ्यात शेवटी शेंगाचं, म्हणजे शेंगदाण्याचं, कूट. कूट घातल्यावर दोन मिनिटांपेक्षा जास्त चालू ठेवायचं नाही. पॉटचा तळ मधोमध फार तापतो आणि कूट तिथंच बसून करपतं. बटण बंद करून कूट घातलं तरी आतल्या उष्णतेवर ते मिळून येतं.

दोडका, दुधी, पडवळ याच रीतीनं दहा-बारा मिनिटांत. त्यांना पाणी घालायचंच नाही, मीठ घातलं की त्या स्वतःचं पाणी सोडतात. शेवग्याच्या शेंगांना पंधरा मिनिटं. पालेभाज्यांचं वेगळं लिहीन, त्यावर बोलण्यासारखं बरंच आहे.

---

केगावकर

काकू, धाग्याबद्दल खूप आभार. मी विद्यापीठाजवळ केगावला राहतो. मेस आहे, पण सुट्टीच्या दिवशी बंद असते, तेव्हा मी बी पॉटवरच करायलोय. एक अडचण आहे. मोहरी टाकली की ती तडतडायच्या आतच पॉट आपोआप बंद पडतो. लाल दिवा जातो, मग पाच-दहा मिनिटं काहीच होत नाही. पॉट खराब आहे का? आणि मित्राकडं नुसती पाणी तापवायची केटली आहे, स्टीलची, १५०० वॅटची. ती लवकर तापते, मग त्यात भाजी केली तर?

---

तारजोडणी

केगावकर, पॉट खराब नाही. तळाशी दोन धातूंची पट्टी असते. तळ ठरावीक अंशांपेक्षा जास्त तापला की ती वाकते आणि वीज तोडते. पाणी आटून पॉट कोरडा तापू नये म्हणून केलेली ही सोय आहे. पाणी असेपर्यंत तळ शंभराच्या आसपास राहतो, नुसतं तेल असलं की झपाट्यानं वर जातो. पट्टी गार होऊन जागेवर येईपर्यंत पॉट चालू होणार नाही. मोहरीला तेल चांगलं कडक लागतं, जिरं आणि लसूण त्याच्या आधीच फुलतात. काकूंनी ३०० वर जिरं-लसूण सांगितलं ते म्हणूनच बरोबर आहे. मोहरी हवीच असेल तर घरून येताना कोरडी भाजून, भरडून डबीत आणा आणि तेलात लसणाबरोबर टाका.

आता केटलीचं. तिच्यात भाजी करू नका, हे मी कळकळीनं सांगतो. केटली बंद होते ती वाफेवर. वरच्या बाजूनं एक बारीक वाट मुठीपर्यंत जाते, त्या वाटेनं वाफ मुठीतल्या पट्टीला लागली की बटण उडतं. झाकण उघडं ठेवलं तर वाफ तिथं पोचत नाही आणि केटली उकळतच राहते. झाकण लावलं तर डाळीचा, पिठाचा फेस त्या वाटेत जाऊन बसतो. तो फेस खाली विजेच्या बैठकीवर उतरला तर शॉक बसायची भीती. शिवाय १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर. खोल्यांतलं लहान सॉकेट ६ अँपिअरचं असतं. ६०० वॅटचा पॉट अडीच-पावणेतीन अँपिअर घेतो, त्याला ते सॉकेट पुरतं.

बाकी काळजी : तीन पिनांचीच पिन, अर्थिंग चालू आहे का ते घरमालकांकडून वायरमनला दाखवून घ्या. बाजारातल्या स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डाला पॉट लावू नका, त्यांची तार बारीक असते. पॉट पंधरा मिनिटं चालल्यावर पिनेला हात लावून बघा, चटका बसत असेल तर सॉकेट ढिलं आहे, बदलून घ्या. इस्त्री आणि पॉट एका बोर्डावर एकदम नकोत. घेताना आयएसआय खूण बघा. धुताना तळ कधीच पाण्यात बुडवायचा नाही.

---

होटगी रोड

सगळ्यांचा मान राखून वेगळं मत मांडतो. मी नोकरीच्या सुरुवातीला दोन वर्षं असाच राहिलो. पॉटमधली भाजी खाऊन खाऊन भाजीवरची वासना उडाली होती. परतलेल्या भाजीला जो खरपूसपणा येतो तो पॉटमध्ये येत नाही, कारण तळ लहान आणि ओल जास्त. मुलांनी इंडक्शन शेगडी घ्यावी, लोखंडी कढई ठेवावी. पैसे थोडे जास्त जातील, पण जेवण जेवणासारखं होईल.

---

माळरान

होटगी रोड, तुमचं म्हणणं परतलेल्या भाजीपुरतं खरं आहे. कारल्याच्या कुरकुरीत काचऱ्या, कोरडी भेंडी, खरपूस कोबी पॉटमध्ये होणार नाही, त्याच्या मागे लागूच नये. पण आपल्याकडच्या किती भाज्या मुळात परतून होतात? शेंगाभाजी, पातळ भाजी, गरगट, डाळमेथी, वांग्याचं कालवण, सगळ्या शिजवायच्या. सोलापूरच्या भाजीची चव कुटात, काळ्या तिखटात आणि लसणात असते. त्या तिन्ही गोष्टी पॉटमध्ये जशाच्या तशा उतरतात.

इंडक्शनचं सांगायचं तर ती १२०० ते २००० वॅटची असते. माझ्या वरच्या खोल्यांत एकाच वेळी तीन इंडक्शन लागल्या तर जुनी वायरिंग झेपणार नाही. बहुतेक घरमालक त्याला नाहीच म्हणतात. पॉटला हो म्हणतात. जे हातात आहे त्यातून चांगलं कसं होईल यासाठी मी लिहितेय.

---

पूर्वभाग

माळरानताई, फार गरजेचा विषय काढलात. मी साखर पेठेत राहते. माझा मुलगा हैदराबादला नोकरीला गेला तेव्हा त्याला पॉटच दिला होता, त्यामुळं आमच्या घरातल्या कितीतरी गोष्टी मी आधी इथं पॉटमध्ये करून बघितल्या आणि मग त्याला सांगितल्या.

सगळ्यात सोपा अंबाडीचा पप्पू, म्हणजे अंबाडी घातलेली डाळ. एक वाटी मूगडाळ घ्या, तूर नको, तिला पॉटमध्ये फार वेळ लागतो. डाळ अर्धा तास भिजवून तीन वाट्या गरम पाण्यात हळद आणि थेंबभर तेल घालून ६०० वर ठेवा. झाकण थोडं तिरकं ठेवा, नाहीतर फेस वर येऊन सांडतो. वीस-पंचवीस मिनिटांत डाळ बोटानं मोडते. ती पूर्ण मोडल्यावरच धुऊन चिरलेली अंबाडी, हिरव्या मिरच्या आणि मीठ घालायचं. पाच-सात मिनिटांत पाला विरघळतो. दुसरीकडं काही फोडणी करायची नाही. लसूण ठेचून, चमचाभर तेलात घोळवून वरून घाला, तेवढंच पुरे.

अंबाडी डाळीबरोबर सुरुवातीलाच टाकली तर डाळ तासभर दाण्यासारखी राहते. आंबट कायम नंतर. चिंच, टोमॅटो, चुका, सगळ्याला हेच लागू.

आणि भेंडी अगदीच सोडू नका हो. कोरडी नाही होणार, मान्य. पण पुलुसु, म्हणजे चिंचेचं कालवण, होतं. कांदा ३०० वर मीठ घालून मऊ करा, भेंडीचे दोन बोटं लांब तुकडे टाका, लगेच चिंचेचा पातळ कोळ, तिखट, गूळ. चिंच असली की तार सुटत नाही. दहा मिनिटं पुरतात. भाताबरोबर खायचं.

---

बार्शीची पोर

आक्का, पप्पूची कृती लिहून घेतली. ताई-काकूंना एक विचारायचंय. मी आसरा चौकाजवळ राहते. आमच्या इमारतीत महापालिकेचं पाणी काही दिवसांआड येतं, बाकी दिवस बोअरचं. बोअरच्या पाण्यात मटकीसुद्धा नीट शिजत नाही, आणि पॉटच्या तळाला पांढरा थर धरलाय. मैत्रीण म्हणते चिमूटभर सोडा टाक. टाकू का?

---

रसायनी

मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून याचं उत्तर देतो.

आपला सगळा भाग काळ्या कातळाचा, बसाल्टचा. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. भाजी मऊ होते म्हणजे काय, तर तिच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन उष्णतेनं सुटतं. कॅल्शियम त्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं. त्यामुळं जड पाण्यात डाळी, कडधान्यं, गवार हट्टानं कडक राहतात. पूर्वभाग यांनी आंबटाबद्दल जे सांगितलं त्याचंही मूळ तिथंच आहे. आम्लात पेक्टिन सुटायला वेळ लागतो.

सोड्यानं उलट होतं, पेक्टिन पटकन सुटतं आणि भाजी हिरवीगारही दिसते. पण त्या पाण्यात ब-१ आणि क जीवनसत्त्व लवकर नष्ट होतं. एरवीच भाजी कमी खाणाऱ्या मुलीनं सोडा टाकून शिजवणं मला पटत नाही. त्यापेक्षा भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं पाणी घे. नळाचं भरून ठेवलेलं किंवा जारचं. एका वेळच्या भाजीला दोन-तीन वाट्या पाणी लागतं, परवडतं. भाजी धुवायला बोअरचं चालेल.

पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. पॉटमध्ये थर बुडेल इतकं पाणी, त्यात चमचाभर लिंबूसत्त्व, उकळी आणून बंद कर आणि अर्धा तास राहू दे. बुडबुडे येऊन थर सुटतो. नंतर साधं पाणी एकदा उकळून फेकून दे. व्हिनेगरनंही जातो, वास मात्र राहतो. चाकूनं, तारेच्या काथ्यानं खरवडू नकोस. नॉनस्टिकचा थर निघाला की पॉट गेला. तो थर साधारण २६० अंशांपर्यंत टिकतो, भाजी शिजताना आपण त्याच्या कितीतरी खाली असतो. रिकामा पॉट तापवला तरच धोका.

एक हिशोब सगळ्यांच्या उपयोगाचा. ६०० वॅटचा पॉट पूर्ण जोरात उकळत असला तरी मिनिटाला पंधरा-सोळा मिलिलिटरपेक्षा जास्त पाण्याची वाफ करू शकत नाही. म्हणजे वीस मिनिटांत सव्वातीनशे मिली, दोन वाट्यांहून थोडं कमी-जास्त. वर जाळी ठेवून गाजर, बीट, लाल भोपळा, मक्याचं कणीस वाफवायचं असेल तर खाली दोन वाट्या पाणी पुरतं, झाकण असल्यामुळं त्यातलं बरंचसं परतही येतं. अर्धा तास पॉट चालला तर वीज ०.३ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी तीन रुपये.

---

रानमेवा

पालेभाज्यांचं कोणीच लिहिलं नाही अजून, म्हणून मी लिहिते. आमचं शेत मंगळवेढ्याकडं आहे. ज्वारीच्या पट्ट्यात करडई असतेच, आणि थंडी सुरू झाली की कोवळ्या करडईची भाजी घरोघरी होते. शहरातल्या मुलींना ती माहीतही नसते. मंगळवार बाजारात खेड्यातल्या बायका घेऊन बसतात, विचारून घ्या. करडई, हरभऱ्याचा शेंडा, चाकवत, तांदुळजा, घोळ, पाथरी. यांच्यासाठी पॉटसारखं दुसरं भांडं नाही असं माझं म्हणणं आहे, कारण पाला थोड्या आचेवर स्वतःच्या पाण्यात चांगला होतो.

पाला निवडून तीन पाण्यांतून धुवा आणि मग चिरा. चिरून धुतला की सत्त्व पाण्याबरोबर जातं. तेल, लसूण, मिरची ३०० वर. पाला एकदम मावणार नाही, मूठ मूठ टाकायचा. पहिली मूठ बसली की दुसरी. पाणी नाही घालायचं. पानाला लागलेलं पुरतं. मूगडाळ घालायची असेल तर तासभर भिजवलेली, पाल्याच्या आधी टाका. पाला सगळा बसल्यावर मीठ. आधी मीठ घातलं तर हमखास खारट होते, कारण ढीगभर पाला बघून आपण मीठ टाकतो आणि तो बसून मूठभर होतो.

माळरानताईंनी झाकणाबद्दल लिहिलंय ते फळभाजीला ठीक. पालेभाजीला झाकण ठेवू नये, काळी पडते.

करडई, हरभऱ्याला शेवटी कूट आणि ज्वारीच्या पिठाचा हात लावायचा. पीठ कोरडंच भुरभुरायचं, हलवायचं, मिनिटभरानं बंद.

---

रसायनी

रानमेवा यांच्या झाकणाच्या मुद्द्याला दुजोरा. पानं शिजताना त्यांच्यातली आम्लं वाफेबरोबर बाहेर पडतात. झाकण असलं तर ती थेंब होऊन पुन्हा भाजीतच पडतात आणि आम्लामुळं हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं. हिरव्याचा शेवाळी-तपकिरी रंग होतो तो त्यानं. पहिली चार-पाच मिनिटं उघडं ठेवणं महत्त्वाचं.

---

केगावकर

मी काल करडई शोधली, मिळाली नाही, चाकवत मिळाला. केला. रूमवरच्या दोघांनी भांडं पुसून खाल्लं. भाकरी करता येत नाही म्हणून नव्या पेठेतून कडक भाकऱ्या आणल्या होत्या, त्या चुरून त्यावर भाजी घेतली. कडक भाकरी महिनाभर टिकते म्हणून पॉटवाल्यांनी ती ठेवावीच.

एक प्रश्न. पॉटला गरम ठेवायचं बटण आहे. राजमा सकाळी त्यात टाकून, बटण लावून कॉलेजला गेलो तर संध्याकाळपर्यंत होईल का?

---

माळरान

नको बाळा. दोन कारणं. माणूस खोलीत नसताना पॉट चालू ठेवायचा नाही, हा माझ्याकडचा पहिला नियम आहे. दुसरं, कच्च्या राजम्यात विषारी अंश असतो. तो कडक उकळीनंच जातो. गरम ठेवायच्या बटणावर पाणी उकळत नाही, त्या आचेवर शिजवलेला राजमा मऊ लागला तरी उलट्या-जुलाब करू शकतो. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळ उकळायला हवा, आणि पुढंही तो मऊ व्हायला वेळ लागतो. पॉटवाल्यांनी त्याच्या नादी लागू नये. मोड आलेली मटकी, मूग घ्या. पंधरा-वीस मिनिटांत होतात.

आणि उन्हाळ्यात सोलापूर बेचाळीस-त्रेचाळीसला जातं. सकाळची भाजी पॉटमध्येच झाकून ठेवून रात्री खाऊ नका. लागेल तेवढीच करा.

---

होटगी रोड

मी वर विरोधात लिहिलं होतं. चर्चा वाचून घरी पॉट नव्हता तो भाचीचा मागून आणला. वांगं करून बघितलं, भरलेलं. काय केलं ते लिहितो, कारण इथं कुणी दिलेलं नाही. लहान, गोल, कोवळी वांगी तळाला एका थरात मावतील तेवढीच घ्यायची, चार-पाच. देठ ठेवून चार चिरा, मिठाच्या पाण्यात. मसाला कच्चाच : कूट, काळं तिखट, ठेचलेला लसूण, कोथिंबीर, मीठ, थोडं तेल, कालवून भरायचा. पॉटमध्ये जरा जास्त तेल, ३०० वर जिरं, त्यात वांगी बसवायची. पाच मिनिटांनी चमच्यानं उलटायची. मग अर्धी वाटी गरम पाणी कडेनं सोडायचं, मसाल्यावर नाही. झाकण, आणि ३०० वरच राहू द्यायचं. पंचवीस मिनिटं लागली. ६०० केलं तर खाली सांडलेलं कूट लागतं. उरलेला मसाला शेवटी पाण्यात कालवून घातला, दोन मिनिटांत रस्सा मिळून आला.

भाजलेल्या वांग्याचा खरपूसपणा नाही आला. पण भाजी चांगली होती, घरात सगळ्यांनी खाल्ली. इंडक्शनचं मत मी पूर्ण सोडलेलं नाही, तरी ज्यांना परवानगी नाही त्यांनी हे जरूर करावं.

---

बार्शीची पोर

काका, वांगी या रविवारी. लिंबूसत्त्वानं पॉट लख्ख झाला, सर, धन्यवाद.

यंदा संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला मी इथंच आहे, परीक्षा आहे. भोगीची भाजी पॉटमध्ये होईल का? आई म्हणते एवढ्या सगळ्या भाज्या त्या डबड्यात कुठं मावायच्या.

---

पूर्वभाग

मावतात गं. भोगीच्या दिवशी सिद्धेश्वराचा अक्षता सोहळा, म्हणजे लग्न, असतो, नंदीध्वजांच्या उंच काठ्या बघायला सगळं शहर रस्त्यावर असतं. तू सकाळी लवकर भाजी करून ठेव आणि अक्षता टाकायला जा.

मूठ मूठच घ्यायचं. सोलाणे (ओला हरभरा), पावट्याचे दाणे, वाटाणे, गाजर, घेवडा, एक वांगं, दोन-चार बोरं. भिजवलेले शेंगदाणे. पहिल्यांदा दाणे सगळे, कारण त्यांना वेळ लागतो. अर्धी-पाऊण वाटी गरम पाण्यात, झाकण ठेवून दहा मिनिटं. मग गाजर, घेवडा, आणखी पाच-सात मिनिटं. मग वांगं. बोरं आंबट असतात, ती अगदी शेवटी. तीळ भाजून कुटून आण घरून, ते कुटाबरोबर घाल. गूळ, काळं तिखट. तिळाची बाजरीची भाकरी तुला करता येणार नाही, तर साखर पेठेत ये, माझ्याकडं भाकऱ्या होतातच.

---

बार्शीची पोर

येते आक्का. नक्की येते. भाजी घेऊन येते.

---

तारजोडणी

धागा वाचणाऱ्या घरमालकांसाठी थोडं. "पॉट चालणार नाही" अशी पाटी लावली की मुलं लपवून वापरतात. पलंगाखाली, चादरीच्या शेजारी, दोन पिनांच्या बोर्डाला लावून. आगी लागतात त्या अशा वापरानं. त्यापेक्षा प्रत्येक खोलीत ओट्याच्या उंचीला, पडद्यापासून आणि अंथरुणापासून लांब एक चांगलं सॉकेट द्या, त्याला स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारं बटण) आणि जिन्याखालच्या मुख्य बोर्डाला अर्थ लीकेजवर, म्हणजे वीज बाहेर गळायला लागली की, तुटणारा आरसीसीबी बसवा. ३० मिलिअँपिअरचा. एकदाच खर्च होतो. पॉटखाली फरशीचा तुकडा ठेवायला सांगा, लाकडी टेबलावर थेट नको.

---

माळरान

हे फार चांगलं सांगितलंत. आमच्याकडं स्वतंत्र सॉकेट आहे, आरसीसीबी नाही. वायरमनला उद्या बोलावते.

रानमेवाताई, पालेभाजीला झाकण नको हे मी मुलींना आजपासून तसंच सांगणार. करडई कुणाकडं मिळते ते जरा खुणेनं लिहा ना, मंगळवार बाजारात कोणत्या बाजूला बसतात त्या बायका?

---

रानमेवा

जागा ठरलेली नसते ताई, ज्या दिवशी जिला मिळेल तिथं बसतात. सकाळी नवाच्या आत जा. टोपलीत जुड्या न बांधता पाला सुटा ठेवलेला दिसला की समजा रानातला आहे. करडई पंधरा-वीस दिवसांचीच कोवळी असते. पानांच्या कडेला काटे टोचायला लागले की घेऊ नका, ती शिजत नाही, पॉटमध्ये तर नाहीच.